धोका संपल्याचं अंगाला कळेपर्यंत

मी बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर आहे. मागे एका खेपेत तेलाची नळी फुटली, तापलेल्या इंजिनावर तेल उडालं आणि आग लागली. वीसेक मिनिटांत आम्ही ती विझवली. माझा हात थोडा भाजला, बाकी कोणाला काही झालं नाही. उरलेले चार महिने मी नेहमीसारखं काम केलं, जेवलो, पत्तेसुद्धा खेळलो. त्यामुळे हेदवीजवळच्या आमच्या गावी परतल्यावर जे सुरू झालं, त्याचा आगीशी संबंध असेल असं मनातही आलं नाही.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि मी पडवीतून उठून थेट अंगणात पोचलो, अनवाणी. छाती धडधडत होती, तळहात ओले झाले होते. बायको दारात येऊन बघत राहिली. काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण मग शेजारच्या बागेत फवारणीचा पंप सुरू झाला तरी तसंच व्हायला लागलं. हृदयाचंच काहीतरी आहे, पुढच्या बोटीआधीच्या मेडिकलमध्ये आपण नापास होणार, असं मी धरून चाललो आणि कोणाशी बोललो नाही.

शेवटी बायकोनंच मला चिपळूणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. आनंद व्हायच्या ऐवजी मला लाजच वाटली. मग मी नाटक करतोय का, असं त्यांना विचारलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोटीवर काय घडलं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आग लागली तेव्हा तुमच्या मज्जासंस्थेनं तुम्हाला मदत केली," त्या म्हणाल्या. "हृदय जोरात चालवलं, हातापायांत बळ आणलं. आता धोका संपलाय, हे तिला अजून पटलेलं नाही. नुसतं बोलून ते पटत नाही. शरीरालाच सवयीनं शिकवावं लागतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, की शरीराला सावध करणाऱ्या नसा असतात तशा शांत करणाऱ्याही असतात. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. आणि ज्या आवाजानं दचकायला होतं, त्याच्यापासून पळत राहायचं नाही. रोज थोडा थोडा ऐकायचा. फारच झालं तर बाजूला व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. एवढ्यानं भागलं नाही तर तज्ज्ञांकडे पाठवीन, असंही म्हणाल्या.

त्या दिवसापासून कुकर लावायच्या वेळी मी स्वयंपाकघरात पाटावर बसायला लागलो. पाठ भिंतीला, तळवे जमिनीवर, श्वास सोडताना सहापर्यंत मोजायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा मागच्या दारानं बाहेर पडलो. दुसऱ्या आठवड्यात बसून राहिलो. छातीत धडधड झाली, पण मिनिटभरात उतरली. ती उतरते, हे कळलं तेच मोठं होतं.

अशाच एका दुपारी मी पाटावर असताना बायकोचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिचे खांदे वर चढले, हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. फोन गॅसवाल्याचा आहे हे ऐकेपर्यंत तिनं श्वास घेतला नव्हता. फोन ठेवून ती खाली बसली. मी ते बघितलं आणि ओळखलं.

"तुला हे कधीपासून होतंय?"

"लग्न झालं तेव्हापासून. तुम्ही बोटीवर असलात आणि फोन वाजला की वाटतं, कंपनीतून आला असेल, तुम्हाला काही झालं म्हणून."

"अगं, पण आत्ता मी समोर बसलोय."

"ते मला माहीत आहे हो," ती म्हणाली. "अंगाला नाही माहीत."

सोळा वर्षं. भीती काय ती बोटीवर, घर म्हणजे निवांत, असं मी समजत होतो. मला डॉक्टरांकडे नेणारीला स्वतःचं काही सांगावंसं वाटलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मग आम्ही दोघंही शिकायला लागलो. नंबर अनोळखी दिसावा म्हणून वाडीतल्या कोणाचा तरी फोन मागून, फणसाखाली उभं राहून मी तिला फोन लावायचो. तिनं तीन रिंग होऊ द्यायच्या, श्वास हळू सोडायचा, मग उचलायचा. मीच बोलणार हे ठाऊक असूनही सुरुवातीला तिचे हात गार पडायचे. महिन्याभरानं ती फोनवर म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा," आणि ठेवून दिला.

मेडिकलमध्ये मी पास झालो. नव्या बोटीवर पहिल्या आठवड्यात अलार्मची चाचणी झाली तेव्हा छाती धडधडलीच. पण काय चाललंय ते मला कळत होतं. कठड्याला धरून उभा राहिलो, श्वास सोडला आणि पाना उचलला. अजूनही एखादा दिवस वाईट जातो. पण तेवढा एकच दिवस जातो.

या सुट्टीत घरी आलो तर बायकोनं वाडीतल्या, नवरे बोटीवर असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या बायकांना दुपारी पडवीत बोलावलं होतं. तिघी आल्या. त्यांतल्या वयानं मोठ्या काकूंचा नवरा तर कधीच निवृत्त होऊन घरी बसलाय. बायकोचं सगळं ऐकून घेतल्यावर काकू पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "फोन वाजला की माझं हल्लीसुद्धा इथं आवळतं. कोणाला बोलले नव्हते."

बायको त्यांच्या शेजारी सरकून बसली. मी चहा ठेवायला आत गेलो.