दारावर डकवलेली नोटीस

मी गाव सोडलं तेव्हा आई फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "पोहचनी का सांगजो." खानदेशातून सुरतमार्गे वापी, तिथून रिक्षानं सिल्वासा. नवऱ्याला जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत काम मिळालं होतं. पुढे मीही तिथेच पॅकिंगला लागले. अथालला भाड्याची खोली, शिफ्ट, सुपरवायझरचं हिंदी, शेजारणीचं गुजराती, यात वर्षं निघून गेली. मागे आई-वडीलही गेले. घराच्या उताऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं.

भावानं बायकोला, रेखाला, लेकीसकट टाकलं आणि घराला कुलूप लावून तो नाशिकला गेला. कोर्टानं पोटगी ठरवून दिली, ती त्यानं कधी भरली नाही. मला सगळं माहीत होतं. त्याच्याशी फोनवर दोनदा बोलले, मग गप्प बसले. जे गाव सोडून बाहेर पडलेत, त्यांना हे गप्प बसणं कळेल.

एके दिवशी शेजारच्या काकांनी फोनवर सांगितलं की घराचा लिलाव झाला. थकलेल्या पोटगीसाठी कोर्टानं विक्री काढली होती. नोटीस बंद दारावर डकवलेली. निम्मं घर माझं, पण मला साधं पत्र नाही. बोलीला एकच माणूस आला, घर मातीमोल गेलं.

मी वकील गाठला, मुदतीत अर्ज केला. तारखेमागून तारखा झाल्या, माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यात संपल्या. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "या बाईंना कळवलं होतं का?" कागदांत माझ्या नावाची नोटीसच नव्हती. लिलाव रद्द झाला.

बाहेर बाकावर रेखा बसली होती. मी शेजारी बसले.

"तुम्हाला कळवायला हवं होतं ताई, ते खरंच," ती म्हणाली. "पण मी आता अजून किती थांबू?"

परतीच्या प्रवासात जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. माझं बरोबर होतं आणि तिचंही. अख्ख्या घरात मला माझा हक्क दिसला, तिची थकलेली वर्षं दिसली नाहीत.

पुढच्या तारखेला मी लिहून दिलं: सगळं घर विका, पण रीतसर, किमान किंमत ठरवा, सगळ्यांना कळवा, माझा हिस्सा वेगळा काढा. या खेपेला नोटीस अथालला आली, मी सही करून घेतली. गावात दवंडी झाली, बरेच लोक बोलीला आले. रेखाला तिची थकलेली सगळी पोटगी मिळाली. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं.

या दिवाळीत रेखा लेकीला घेऊन आमच्याकडे आली. चार दिवस राहिली, दादऱ्याचं तळं बघून आली. निघताना मी तिची ओटी भरली. गावी आता माझं काही नाही. माहेरचं म्हणावं असं माणूस मला एवढं एकच उरलंय, आणि ते घर तिच्याचसाठी विकलं गेलं.