व्याह्यांच्या हाती फोन

आमच्या व्याह्यांच्या हातात गेलेला मोबाइल जसा होता तसा परत मिळाला, असं सांगणारा माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. माणूस देवमाणूस. सुनेला लेकीसारखं वागवतात, आणि हे मी, मुलीची आई असून, स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, म्हणजे ते खरंच असणार. पण समोरच्याचा फोन भरलेला दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, मुलंबाळं विचारतात; हे विचारतात, "किती भरला?" लेकीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो, की आता मुलाकडचे काय काय मागतात. आणि यांनी सगळ्यांच्या देखत आमच्या ह्यांच्यापुढे हात पसरला आणि म्हणाले, "भाऊ, फोन द्या तुमचा." ह्यांनी निमूटपणे दिला. मुलीचा बाप दुसरं काय करणार? ह्यांच्या फोनमध्ये बॅटरीच्या उजेडाची तीन अ‍ॅपं निघाली, गजराची दोन आणि एक दिशा दाखवणारं. व्याह्यांनी ते शेवटचं सगळ्या पाहुण्यांना फिरवून दाखवलं. "भाऊ, तुमचं तर जरीपटक्यात कापडाचं दुकान आहे न? मंग हे काहून? जहाज चालवता का तुम्ही?" पाहुणे हसले, ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि लग्न पक्कं झालं. त्या धडाक्यात गॅस नोंदवायचं अ‍ॅपही उडालं, हे आम्हाला महिन्याभराने कळलं, कढईत तेल तापत असताना सिलिंडर संपला तेव्हा.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलेलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सारा जन्म स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, बेअरिंगं, पट्टे. तिथे त्यांचा एकच कायदा होता: तीन महिने जी वस्तू रॅकवरून हलली नाही ती डेड स्टॉक, आणि डेड स्टॉक गेटाबाहेर. निवृत्त झाल्यावर लोक घरी घड्याळ आणतात, शाल आणतात, हे तो कायदा घेऊन आले. पहिल्याच जानेवारीत त्यांच्या लक्षात आलं, की अंगणातला कूलर दिवाळीच्या आधीपासून हललेला नाही. दिला भंगारवाल्याला! नागपुरात, कूलर! मार्च संपता संपता घराची भट्टी झाली, तेव्हा विहीणबाईंनी नवा कूलर येईपर्यंत त्यांना रोज दुपारी ओल्या पंच्याने वारा घालायला बसवलं होतं. त्या बाईही काही कमी नाहीत. मी एकदा म्हटलं, "या न चार दिवस राहायला, माहेरी वगैरे जात नाही का कधी?" तर म्हणाल्या, "जाते न, पण लवकर परत येते. तीन महिने झाले तर मलेही बाहेर काढतीन हे."

असा माणूस, आणि त्याच्यासमोर मोबाइल आला. प्रत्येकाच्या खिशात एक गोदाम, आणि प्रत्येक गोदाम छपरापर्यंत भरलेलं. त्यांना तर स्वर्गच सापडला. त्यांची कामाची एक पद्धत आहे. आधी टेबलावर स्वच्छ रुमाल पसरतात, त्यावर फोन ठेवतात, चष्मा पुसतात आणि मग मालकाला शेजारी बसवून एकेक वस्तू विचारतात, "हे लागते?" माणूस चाचरतो, "राहू द्या, कधीतरी लागेल." की लगेच, "कधीतरी म्हणजे कोणत्या महिन्यात?" गेलं ते अ‍ॅप. मग ग्रुपवर आलेल्या शुभ सकाळच्या फुलांची आणि चहाच्या कपांची पाळी येते. "पाठवणाऱ्यानं पाह्यलं नाही, तुम्ही पाह्यलं नाही, मंग कोणासाठी सांभाळून राहिले?" आणि पुसलेलं ज्या कचरापेटीत महिनाभर पडून राहतं, ती पेटीसुद्धा ते शेवटी रिकामी करतात. म्हणतात, "घरातला कचरा काढून ओट्यावर ठेवला, त्याले सफाई म्हणते का बाप्पा?" त्यामुळे त्यांच्या हातून जे गेलं ते गेलंच. हे लक्षात ठेवा, माझा जीव पुढे यातच अडकला होता.

एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून रामटेकला गेलो. गडाच्या पायऱ्या चढताना एक अनोळखी माणूस बायकोमुलांना ओळीत उभं करून फोटो काढू पाहत होता आणि फोन काही घेईना. मेमरी फुल. आमचे सगळे वर निघून गेलेले, आणि व्याही तिथेच पायरीवर फतकल मारून, मांडीवर रुमाल पसरून बसलेले. त्या बिचाऱ्याच्या फोनमध्ये मेव्हण्याच्या लग्नाचे सगळे फोटो चार चार वेळा निघाले म्हणे. वानरं आली, शेजारी ठेवलेली पूजेची पिशवी घेऊन गेली, यांना पत्ता नाही. आम्ही वर पोचलो तर दर्शन बंद व्हायला आलेलं आणि हे खालीच. मी विहीणबाईंना म्हटलं, "बोलावता का?" त्या म्हणाल्या, "राहू द्या. देवाचा फोन भरला असता तर हेच आधी पोचले असते."

स्वतःचा फोन मात्र आरशासारखा. फोन करायचा, घड्याळ पाहायचं, बस. फोटो नाहीत. "डोळे दिले न देवानं," म्हणायचे. नातू झाला तेव्हा मला वाटलं, आता बदलतील. छे! आम्ही सगळे त्या पोराच्या जांभईचेसुद्धा व्हिडिओ काढत होतो, आणि हे त्याला बोट धरून रोज संध्याकाळी अंगणात उभं करत होते. उभं करायचे, बोट सोडायचे, तो बसकण मारायचा, पुन्हा उभं करायचे. गेटावरून जाणाऱ्या येणाऱ्याला सांगायचे, "पोट्ट्याचं पहिलं पाऊल माह्या अंगणात पडन, पाहून घेजा." गल्लीतल्या माणसांना आणि जुन्या कारखान्यातल्या सोबत्यांना वाटायला संत्रा बर्फी कुठून आणायची तेसुद्धा ठरलं होतं.

आणि पोरगं चाललं कुठे? माझ्या हॉलमध्ये!

लेक चार दिवस आमच्याकडे आली होती. दुपारची वेळ, पंखा गरगरतोय, ह्यांनी दिवाणावर बसून उगाच टाळी वाजवली, आणि कारटं सोफ्याचा हात सोडून निघालं की सरळ! नशिबाने फोन माझ्या हातातच होता. पाच-सहा पावलं आली असतील, मग भदकन बसलं आणि भोकाड पसरलं. मी ओरडतेय, हे ओरडताहेत, आणि लेक मात्र पांढरीफटक. म्हणाली, "आई, कोणाले सांगू नको वं. तिकडे बाबा महिनाभर बोट धरून राहिले त्याचं. त्यांना पहिलं पाऊल त्यांच्या अंगणातच दिसलं पाहिजे." मी तिच्याकडे पाहतच राहिले. ही काल-परवापर्यंत माझ्याशी एका ओढणीवरून भांडणारी पोरगी! मग आम्ही तिघांनी काय केलं असेल, तर ती जायच्या दिवसापर्यंत पोराला खाली उतरूच दिलं नाही. या कडेवरून त्या कडेवर.

लेक हिंगण्याला सासरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी व्याही बर्फीचा डबा घेऊन आमच्या दारात हजर. "विहीणबाई, चालला! माह्या डोळ्यासमोर!" आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, ते पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बर्फीचा वास येईपर्यंत बाहेर आलेच नाहीत. मी मात्र हात जोडून म्हटलं, "अगंबाई, खरंच का? आम्ही असतो तर!" इतकं छान मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. डोळ्यात पाणीसुद्धा आलं, आणि ते खरं होतं, कारण समोर त्या माणसाचा चेहरा असा काही फुलला होता.

व्हिडिओ मी पुसायला हवा होता. लेकीने दहा वेळा सांगितलं. पण हात होईना हो. रोज झोपताना एकदा पाहायचे आणि म्हणायचे, उद्या.

असे चारेक महिने गेले. एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आले. पाटवडीचा रस्सा केला होता, व्याह्यांनी मनापासून हाणला, आणि हात धुऊन बाहेर आले तो टेबलावरच्या माझ्या फोनने टिणकन वाजून जागा उरली नसल्याचं जाहीर केलं. कपाळ माझं! ते कळवायला त्याला तोच मुहूर्त सापडला. व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला. "द्या इकडे. तुमाले बसाची गरज नाही, तुमी जेवून घ्या. जुनं जुनं मी पाहतो." आता सांगा, जेवून तृप्त झालेल्या व्याह्याला कोणत्या तोंडाने म्हणायचं, की माझ्या फोनला हात लावू नका? आमच्यात व्याह्याने पाणी मागितलं तर बाई सरबत घेऊन धावते. मी फोन दिला. लेक आतल्या खोलीत पोराला निजवत होती, तिला कळूसुद्धा दिलं नाही. विहीणबाई आणि जावई आमच्या ह्यांच्याबरोबर दुकानातल्या नव्या साड्या पाहायला गेलेले. बाहेर हॉलमध्ये ते आणि आत मी.

मी ओट्यापाशी उभी राहून एकच एक भांडं घासत होते. एक मन म्हणे, न पाहताच जुना म्हणून पुसून टाकू दे, सुटले. दुसरं मन म्हणे, पुसला तर? पेटीही रिकामी करतील, मग नातवाची ती पावलं मला पुन्हा कुठून दिसणार? आणि पाहिला तर? तर त्या माणसाचं ते अंगण, ती बर्फी, सगळ्यांना छाती काढून सांगितलेलं ते सगळंच मोडणार. आणि माझ्या लेकीला सासरी खोटारडी म्हणतील ते वेगळंच. तेवढ्यात हॉलमधून माझाच आवाज आला. "चालला! अगंबाई, चालला, चालला!" मग भदकन आणि भोकाड. आणि मग पुन्हा, "चालला! अगंबाई..."

काही सुचेना, म्हणून बडीशेपेची वाटी घेऊन बाहेर गेले. व्याह्यांनी फोन रुमालावर पालथा ठेवला होता. वर पाहिलं नाही. म्हणाले, "तारीख पाह्यली मी याच्यावरची."

मी म्हटलं, "व्याहीबुवा, पोरीची काही चूक नाही, मीच..."

"थांबा न. मले तवाच समजलं होतं." आता त्यांनी वर पाहिलं आणि चक्क हसले. "सारी उमर स्टोअरमध्ये गेली माही. नवा माल कोणता अन् वापरलेला कोणता, मले नाही समजणार का? पोट्टं अंगणात उतरलं अन् स्कूटरले वळसा घालून डायरेक्ट गेटावर गेलं. पहिल्या दिवशी वळण घेते का कोणी?"

"मग बर्फी?"

"तर काय! सून बाजूले उभी होती. श्वास रोखून माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती, का मी खूश झालो का नाही. एवढी मेहनत मले खूश करासाठी माह्या सख्ख्या पोरानं बी कधी घेतली नाही. मंग मी खूश नाही होणार?" वाटीतली बडीशेप त्यांनी तळहातावर घेतली आणि खायची विसरले. "तिले सांगू नका मले समजलं म्हणून. तिले वाटू द्या का जमलं."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच सोफ्यावर बसले आणि हसायलाच लागले, आणि हसता हसता रडले, आणि व्याही घाबरून "अहो विहीणबाई, हळू, ती उठन न" म्हणत मला रुमाल द्यायला लागले. लेक बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं सूत कातायला बसल्यासारखे गंभीर होतो. तिने डोळ्यांनी मला विचारलं, मी मानेने सांगितलं, सगळं ठीक आहे. फोन उघडून पाहिला तर गुलाब गेले, चहाचे कप गेले, मी हौसेने साठवलेल्या लोणच्यांच्या कृतीसुद्धा गेल्या. व्हिडिओ होता.

आता जावयांची बदली बंगळुरूला झाली आहे. पोरगं तिकडे धावतं, सायकल चालवतं आणि फोनवर दोन मिनिटं धड उभं राहत नाही. "आबा, बाय" म्हणतं आणि पळतं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी व्याही एकटेच हिंगण्याहून येतात. तो व्हिडिओ मी त्यांना पाठवते म्हटलं तर नको म्हणतात, सूनबाई सुटीत आली आणि तिच्या नजरेस पडला तर? म्हणून माझ्याच फोनवर पाहतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की नुसता हात पुढे करतात, मी लावून देते. उजव्या हातात फोन लांब धरतात, चष्म्याच्या वरून पाहतात. पोरगं सोफा सोडतं, एक पाऊल, दोन पावलं, डुगडुगायला लागतं. तो आता पडणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तरी दर वेळी त्यांचा डावा हात आपोआप उचलला जातो आणि त्याला धरायला फोनच्या खाली जाऊन थांबतो.