जिनिंगजवळचं घर

भाड्याने द्यायला घर घ्यायचं म्हणून मी खामगावात एका दलालाबरोबर हिंडत होतो. प्रत्येक घराच्या भिंतीवर थाप मारून तो म्हणायचा, "सोनं हाय, गुरुजी!" कापसाच्या जिनिंगजवळच्या घराला मात्र त्याने बाहेरूनच नावं ठेवली. "इहिरीचं पानी खारं हाय."

दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखतोय, असा मला संशय आला. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. पाणी गोड निघालं. मी घर विकत घ्यायला पाहतोय म्हटल्यावर, ते देणारी भाडेकरू विधवा म्हणाली, "नवा मालक मले काढून देईन, असं माह्या भावाले वाटते."

तेवढ्यात भाजी घेऊन तिचा भाऊ आला. तोच दलाल! मान खाली घालून उभा राहिला.

"घर मी घेतो, ताई इथेच राहतील," मी म्हणालो.

त्याने मला बराच वेळ न्याहाळलं.

"तसं लिहून द्या, गुरुजी."

मी लिहून दिलं.