डब्यात न थिजणारं तेल

कुठलं तेल चांगलं, या चर्चेचा मला आता वीट आलाय. नव्वदच्या दशकात वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा तेल सोडा, करडईच्या तेलात संपृक्त चरबी कमी असते. नाशिकच्या थंडीत आमचं शेंगदाणा तेल डब्यात थिजायचं. करडईचं पातळच राहिलं. आईने ठरवून टाकलं, डब्यात थिजत नाही ते अंगातही थिजणार नाही. मग वडिलांच्या ठेच्यावर ती कच्च्या तेलाची दुप्पट धार सोडू लागली. काही वर्षांनी वडील गेले.

परवा माझा डॉक्टर म्हणाला, "तेल कुठलंही खा, पण मोजून." वडिलांच्या डॉक्टरांनीही तेव्हा तेल बदलायला सांगताना 'मोजून खा' असं बजावलं होतं. आई औषधांच्या रांगेत होती. ऐकणारा मी होतो, आणि घरी तेवढंच सांगायचं राहून गेलं.