वहिनींना ऐकू येईल असं वाद्य

कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की यंत्रं थांबतात आणि तोंडं सुरू होतात. काम चार महिन्यांचं, गप्पा बारा महिन्यांच्या, म्हणून आमच्या जिनात किस्से साठत गेले. नंदुरबारच्या त्या जिनात मी लढाईच्या दिवसांत टाइमकीपर होतो, म्हणून सगळ्यांचा मास्तर. आजही जुनं कुणी भेटलं की पहिल्या चहाला शेटचा किस्सा निघतो, दुसऱ्याला बॉयलरचा, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "आप्पाना किस्सा सांग ना, मास्तर!" आप्पांचे किस्से मला हसत सुरू करता येतात, पण तोंडी कधी संपवता आले नाहीत. म्हणून आता लिहूनच टाकतो.

*

नथ्थूआप्पा आमचे हेडफिटर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कापसातून सरकी काढणाऱ्या चरकांच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचं साधं बोलणं म्हणजे दुसऱ्याची बोंब! जिनातल्या सगळ्यांचंच तसं होतं म्हणा. आम्ही घरी पानावर बसूनसुद्धा मीठ ओरडून मागायचो.

माझं लग्न व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. आप्पांनी मला कोपऱ्यात नेलं, इकडेतिकडे पाहिलं, अगदी कानाशी तोंड आणलं आणि गुपित सांगितलं, "मास्तर, उद्या तुले देखाले पोरगीवाला येवाव शेतस! कोनले सांगू नको!"

फाटकाबाहेरचा पानवाला तिथूनच ओरडला, "मास्तर, धोतर धुई ठेवा!"

*

लग्न झालं आणि मी आप्पांच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. त्याच उन्हाळ्यात आप्पांचा घसा बसला. वैद्यांनी बजावलं, काही दिवस अजिबात ओरडायचं नाही. आप्पा जन्मात पहिल्यांदा घरात हळू बोलायला लागले आणि द्वारकावहिनींनी उत्तरच देणं बंद केलं!

"मास्तर, तुन्ही वयनी रुसनी," आप्पा घोगऱ्या आवाजात मला म्हणाले. "पानी मांगं, नही दिधं. भूक लागनी सांगं, तोंड फिरावी लिधं. मन्हं काय चुकनं?"

मी नवा नवरा, मला कुठली अक्कल! म्हटलं, लुगडं आणा. आप्पांनी आणलं. वहिनी हरखल्या, नेसून गल्लीभर मिरवून आल्या, पण उत्तर काही देईनात. शेवटी आप्पांनी म्हसावदहून वहिनींच्या भावाला बोलावून घेतलं. आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. भाऊ आप्पांची समजूत घालत होता, तेवढ्यात मांजराने आत पितळी हंडा पाडला. केवढा आवाज! भाऊ उठला, आप्पा उठले, मीही आत धावलो. वहिनी हंड्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. त्या थापतच राहिल्या.

आप्पा ओरडायचे तोवर वहिनींना थोडंफार कळायचं, आणि आप्पा तर जन्मभर ओरडतच आलेले. दुसऱ्या कुठल्याही घरात वहिनींचे कान चालल्याची गोष्ट वर्षभर आधी लक्षात आली असती. आमच्या जिनवाल्यांच्या घरात नाही आली.

आप्पा तिथेच चुलीपाशी खाली बसले. "रुसनी ऱ्हाती ते बरं व्हतं रे," म्हणाले.

*

वहिनींना चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथलं पुस्तकी मराठी समजायला म्हणून आप्पांनी मलाही संगे घेतलं. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "बारीक आवाज गेले आहेत. जाड आवाज अजून थोडे कळत असतील. हळूहळू तेही जातील."

आप्पांनी हे सगळं वहिनींना हातवारे करून, ओरडून सांगितलं. बाहेरच्या बाकांवरचे पेशंटसुद्धा उठून बघायला आले. सांगून झाल्यावर आप्पा वहिनींपुढे वाकले. "बोल, तुले काय आयकनं शे? तू सांगशी ते मी बोलसू!"

वहिनींनी त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हना आवाज जलमभर आयका मी. आते काही गोड आयकाडा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. परतीच्या गाडीत खांडबारा स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम वळून म्हणाले, "मास्तर, या वयमा कोनतं वाद्य लवकर येस?"

*

गल्लीत मेहबूबचाचा राहायचे. लग्नात त्यांचा बँड वाजायचा. त्यांनी मोठ्या मनाने आपली पेटी आप्पांना शिकायला दिली. आप्पांनी पहिल्याच दिवशी ती खोलली. यंत्र आत काय आहे ते बघितल्याशिवाय चालवायचं, हे फिटरच्या तत्त्वात बसत नव्हतं. वर तिला तेलही दिलं! चाचांना हे कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

पेटी जुळवून झाली, शिकवणी सुरू झाली. पण आप्पांची बोटं पान्हे फिरवून जाडजूड झालेली. एक पट्टी दाबायला गेले की शेजारची आपसूक दाबली जायची.

"एक उंगली में दो-दो सुर!" चाचा म्हणाले. "आप्पा, ऐसा फनकार मैंने नहीं देखा!"

तरी आप्पांनी एक आरती बसवली. दोन सुरांच्या हिशेबाने का होईना, ओळखू येत होती. वहिनींना समोर बसवून त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. वहिनींनी पुढे होऊन पेटीवरून हात फिरवला. "मोठी देखनी शे," त्या म्हणाल्या. "पन मुकी शे का?"

आप्पांनी त्याच संध्याकाळी पेटी परत केली. मला त्या पेटीचा फार राग आला होता. तिचा काय दोष, पण आला होता.

*

मग बिगुल. तो चाचांच्या बँडमधलाच. गल्लीला त्रास नको म्हणून आप्पा पहाटे जिनाच्या आवारात जाऊन फुंकायचे. बरेच दिवस नुसती हवा गेली. आणि एका पहाटे आवाज फुटला! लांबलचक, एकसुरी, हुबेहूब जिनाच्या भोंग्यासारखा.

मी फाटकावर पोचलो तर निम्मे मजूर भाकरीची फडकी घेऊन रांगेत उभे! हंगामाला अजून दोन महिने अवकाश, कपाशीला बोंडसुद्धा नव्हतं, पण भोंगा झाला म्हणजे झाला. मागून शेट धोतर सावरत धापा टाकत आले आणि माझ्यावरच डाफरले, "हंगाम चालू झाला आणि मला कुणी सांगितलं नाही?"

जिनात दिवसभर हसणं चाललं होतं. संध्याकाळी आप्पांनी तोच आवाज घरी काढून दाखवला. वहिनी चमकल्या. उजवा कान हाताने पुढे केला. "दूरथीन कोनी हाक मारी असं वाटनं. कोन व्हतं?"

आप्पांना केवढा आनंद झाला! त्यांनी रोज फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं. दिवाळीपर्यंत ती लांबची हाकही बंद झाली.

*

त्या काळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. आप्पांची हाक ठरलेली होती, "आयकं का व?" आता ती हाक त्यांच्या तोंडून निघेना. चारचौघांत बायकोच्या खांद्याला हात तरी कसा लावणार? मग त्यांनी युक्ती काढली. खिशात जिनातली मूठभर सरकी ठेवायची आणि वहिनींना बोलवायचं असलं की एक दाणा हळूच पाठीवर टाकायचा.

माझी बायको हे बघून पदराआड हसायची. एकदा आप्पांनी दाणा टाकला, वहिनी वळल्याच नाहीत. दुसरा टाकला, तरी नाहीत. आप्पा घाबरून उठले, जवळ गेले, तर वहिनी खुदुखुदु हसत होत्या.

"एक दानावर मी नही वळाव," म्हणाल्या. "इतली सस्ती शे का मी?"

*

आमचा तेलवाला रूपसिंग अक्कलकुव्याकडचा, डोंगरातला. यंत्रांना तेल घालायचं त्याचं काम. हंगाम उतरणीला लागला तसा तो आप्पांना म्हणाला, "बाईला आमच्या होळीला आण. आमचा ढोल बहिऱ्यालाही नाचवतो."

आम्ही गेलो. तो ढोल मी बघतच राहिलो. माणूस आत निजेल एवढा! दहा-वीस ढोल एकदम सुरू झाले आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. वहिनी होळीच्या उजेडात उभ्या होत्या. त्यांनी एकदम छातीवर हात दाबला.

"आयकू उनं!" त्या ओरडल्या. "आठे, छातीमा आयकू उनं!"

आप्पा पोरासारखे रडले. मग नाचले. मग रूपसिंगच्या काकाला धरून बसले, की मला घरात मावेल असा एक करून दे, आणि शिकव. काकाने त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले. तो काय म्हणाला ते रूपसिंगने मराठीत सांगितलं, "जन्मभर हातोडाच मारला ना? तसाच मारायचा."

तेव्हापासून दिवेलागणीला आप्पांचा ढोल सुरू झाला. एका हातात काठी, दुसऱ्या हाताचा पंजा. वहिनी समोर भिंतीला टेकून, हात छातीवर ठेवून बसायच्या आणि मान डोलवायच्या. चाचा दारातून विचारायचे, "आप्पा, बारात निकल रही है या मकान गिर रहा है?" पण थांबवा असं त्या गल्लीत कधी कुणी म्हटलं नाही.

*

पुढच्या थंडीत मेहबूबचाचांची आई वारली. आप्पांनी मय्यतीला खांदा दिला. चाचांनी बँडची सगळी वाद्यं चादरीत बांधून ठेवली. गल्लीत वाजवणं बंद झालं. कुणाला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आप्पांकडे निघालो. म्हटलं, आज ढोल नाही, जरा बोलत बसू. गल्ली चिडीचूप होती. चाचांच्या घरातून कुराण वाचल्याचा बारीक आवाज येत होता, तेवढाच. आप्पांचं दार उघडं होतं.

आप्पा ढोल मांडीशी धरून बसले होते. काठी वर जात होती, खाली येत होती आणि कातड्याच्या बोटभर वर थांबत होती. पंजाही तसाच. खांदे हलत होते, कपाळावर घाम होता. आवाज काही नव्हता.

समोर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात छातीवर. मान डोलत होती.

मी उंबऱ्यातच थांबलो. वहिनींनी मला पाहिलं आणि तोंडभर हसल्या.

"या भाऊ! आज छातीमा मोठं चांगलं वाजी ऱ्हायनं. नही का?"

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात थांबले नव्हते.

"बठ मास्तर," ते म्हणाले. "मधमा बोलू नको. आयक."