कोटाचा कोपरा

बांना एक गोष्ट बघायची होती. आपली फरसबी त्या हॉटेलात, टेबलावरच्या ताटात कशी दिसते, एवढीच.

आमच्या बेटावर, रिव्हिएर दू रांपार गावी, आमचा भाजीचा मळा होता. आठवड्यातून तीन दिवस बा पहाटे शेंगा तोडत. करंगळीएवढ्या, एकसारख्या. वाकवाच्या, केवड्यासारख्या झाडाच्या, पातीच्या दोन पिशव्यांत त्या भरून, पिशव्या सायकलीला अडकवून ते समुद्रकाठच्या हॉटेलाकडे जात. तिथं मागच्या दारी, स्वयंपाकघराच्या पायरीवर, पिशव्या रिकाम्या होत. क्रेओल आचारी त्यांना तोंतों, म्हणजे काका, म्हणत आणि चहा देत. स्वयंपाकघरातून जेवणाच्या दालनात जायला एक झुलतं दार होतं, त्याला वर गोल काच. बांनी ते दार कितीतरी वर्षं झुलताना पाहिलं, पण त्याच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत. घरी जेवताना मात्र विचारत, "अख्खी शिजवतात का चिरून? काय गो, तू शिकलेली. तुला ठाऊक असंल."

मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा सरकारी शाळेत शिकवत होते, वय अठ्ठावीस. साठ साल नुकतंच उलटलं होतं. सुट्टीत आईबांना घेऊन त्याच हॉटेलात दोन रात्री राहायचं मी ठरवलं. जायचं ते पुढच्या दारानं. हॉटेलाचं पत्र आलं. त्यात फ्रेंचमध्ये छापलं होतं की रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी कोट आणि टाय घालावा, स्त्रियांनी शोभेल असा पोशाख करावा.

मी यादी केली. याद्या मी तेव्हाही करत होते, आजही करते. ती यादी अजून माझ्याकडे आहे. बांसाठी पांढरा कोट नवा, पांढरी विजार, निळा टाय, काळे बूट चुलतभावाकडून मागून. आईसाठी पाचवारी साडी, फिकी, आणि बंद चपला. माझ्यासाठी खाकी-हिरवा फ्रॉक आणि छत्री. बांचा एक जुना काळा कोट होता. लग्नाला आणि मर्तिकाला ते तोच घालत. त्याला डांबरगोळ्यांचा वास यायचा, म्हणून मी तो यादीत घेतला नाही. नवा पांढरा कोट शिंप्याकडून शिवून घेतला. टायची गाठ पलंगाच्या खुराला बांधून बांधून शिकले.

आई पाचवारीला तयार नव्हती. "ती गोल नेसून चालू कशी? पायात पाय येऊन पडले तर गोऱ्यांच्या सुपात पडेन."

"मग लुगडं नेसून येणार?"

"जन्मभर नेसले. आता एका जेवणासाठी सोडू?"

बा हसले. "येऊ दे तिला. शेंगांकडे बघतील का हिच्या काष्ट्याकडे?"

मी यादीतल्या पाचवारीवर काट मारली, पण मन खात राहिलं. मला वाटत होतं, दारात अडलो तर आईच्या लुगड्यावरून अडू.

निघायच्या दिवशी सकाळी मी बसच्या वेळा बघायला नाक्यावर गेले होते. ट्रंक आईनं भरली. आमच्याकडे नवं कापड देवापुढे ठेवून, त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावल्याशिवाय अंगावर घालत नाहीत. लुगड्याला कोपरा असतो, धोतराला असतो, टॉवेलालाही असतो. कोटाला कोपरा कुठला? आईनं शोधला. छातीवर उलटून येणाऱ्या पट्टीचं टोक तिला कोपऱ्यासारखं दिसलं. तिथं तिनं ओल्या बोटानं हळद लावली, वर कुंकू, आणि कोट नीट घडी घालून ठेवला.

हॉटेलातल्या खोलीत दुपारी चारला मी ट्रंक उघडली. पांढऱ्या कोटाच्या डाव्या टोकावर बोटाएवढा पिवळा-तांबडा ठसा.

"आई, हे काय केलंस?"

"देवाला दाखवलं. न दाखवता घालायचं?"

"आतल्या बाजूला लावायचं ना."

"आत लावलं तर देवाला दिसेल काय?"

जेवण साडेसातला होतं. एवढासा ठसा कुणाच्या नजरेत भरला नसता, हे मला आज कळतं. त्या वेळी मी साबण घेतला. साबण लागला की हळद तांबडी होते, हे आमच्या घरातली पाच वर्षांची पोरसुद्धा सांगेल. मलाही माहीत होतं. तरी मी घासलं. तांबडा डाग पसरला, तळहाताएवढा झाला. मी आणखी घासलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "नको घासू. उन्हात टाक, आपोआप जाईल." पण ऊन कलायला लागलं होतं.

मी डाग पाण्यानं धुतला, कोट मागवलेल्या गरम इस्त्रीखाली दाबला, आणि बागेतलं बोगनवेलीचं फूल टाचणीनं वर लावलं. साडेसातला आम्ही तिघं दालनाच्या दाराशी गेलो. बांचे केस पाण्यानं चापून बसवलेले, टायची गाठ सरळ. चुलतभावाचे बूट करकरत होते. त्यांनी आत बघितलं. पांढरी टेबलं, चकचकीत काटे, आणि पलीकडच्या भिंतीत ते गोल काचेचं दार. "ते बघ," ते मला म्हणाले, "ह्या बाजूनं असं दिसतं."

वाढप्यांचा मुखिया आमच्याकडे आला. त्यानं आईच्या लुगड्याकडे पाहिलं आणि मान लववून तिला नमस्कार केला. मग बांच्या छातीकडे पाहिलं. फूल तोवर कलंडलं होतं.

"महाशयांना काही लागलंय का?" त्यानं हळू आवाजात फ्रेंचमध्ये मला विचारलं. "रक्त आहे का ते?"

मी म्हटलं, नाही, डाग आहे. तो म्हणाला, मग फार वाईट वाटतं, पण दालनात असं चालत नाही, जेवण खोलीत पाठवतो. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर मी भांडले असते.

बांना तेवढं फ्रेंच कळत होतं. त्यांनी फूल काढून माझ्या हातात दिलं. "त्याचं खरं आहे," ते म्हणाले. "घाण कोट घालून कोण जेवायला बसतं? तुम्ही बसा. मी मागनं जातो, मला वाट ठाऊक आहे." आणि ते खरंच गेले, करकरत्या बुटांनी, बागेला वळसा घालून. आई आणि मी खोलीत परत आलो. दोन ताटं आली. आम्ही ती उघडली नाहीत.

रात्री बा आले ते खुशीत. आचाऱ्यांबरोबर पायरीवर मासे-भात खाऊन आले होते. आईला म्हणाले, "कोट काढून ठेवला नि मग खरी भूक लागली."

दुसऱ्या दिवशी मी कोट सुरूच्या फांदीवर उन्हात टाकला. दुपारपर्यंत डाग गेला. कोट कोरा पांढरा. आईनं सांगितलं होतं तसं झालं. मी तो इस्त्री करून बांपुढे धरला.

"बा, आज चला. आज काही नाही त्याच्यावर."

"नको गो."

"शेंगा बघायच्या होत्या ना?"

"तू बघ. मला सांग." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी काल तिथनं मागं फिरलो, ते सगळ्यांनी पाहिलंय."

मी आणि आई गेलो. माझ्या ताटात मटणाच्या तुकड्याशेजारी फरसबी होती. अख्खी, लोण्यात घोळलेली, एका लांबीची, जुडी बांधल्यासारखी ठेवलेली. फार सुंदर दिसत होती. बांनी बघितल्याशिवाय त्या मोडवेनात. मी काटा ठेवला. तेवढ्यात वर पाहिलं तर झुलत्या दाराच्या गोल काचेमागे बा उभे होते. सदरा-विजारीत, कोट नव्हता. ते दालनाकडे बघत नव्हते. माझ्या ताटाकडे बघत होते. मुखियानं माझं ताट उचललं. शेंगा तशाच होत्या. काचेमागचा चेहरा बाजूला झाला.

परतीच्या बसमध्ये बा माझ्या शेजारी बसले. मग विचारलं, "शेंगा निबर होत्या?"

"नाही, बा. कोवळ्या होत्या."

"मग ठेवल्यास का?"

आई माझ्याकडे बघत होती. सगळी बस ऐकत होती. मी म्हटलं, "पोट भरलं होतं."

"हं," ते म्हणाले. "दोन दिवस आधी तोडायला हव्या होत्या."

त्या हंगामानंतर बांनी फरसबीचं बी धरलं नाही. विचारलं तर म्हणाले, माझा हात गेला, शेंग निबर होते, लोक ताटात टाकतात. त्यांनी वांगी लावली. हॉटेलाला वांगी नको होती. ती बाजारात जात आणि बा सायकलीवरून दुसऱ्या रस्त्यानं जात.

बांना खरं सांगणे, असं मी त्यानंतरच्या कितीतरी याद्यांत लिहिलं. बँक, रॉकेल, वह्या तपासणे, बांना खरं सांगणे. बाकीच्यांवर काट मारली, हे पुढच्या यादीत उतरवलं. प्रत्येक वेळी वाटे, आता सांगितलं तरी त्यांना मी समजूत काढतेय असंच वाटेल. बांबरोबर दवाखान्यात न्यायच्या सामानाच्या यादीतही ते शेवटचं होतं, टॉवेल आणि पेल्याच्या खाली.

बा गेले त्या वर्षी मळ्यात वांगीच होती.