फुकटच्या गॅसवर औंढ्याला

धाकट्या बहिणीचा औंढ्याहून निरोप आला, "दादा, हे बैल विकून मोटारीत भागी घालून राहिले. एकदा येऊन जा." हे म्हणजे तिचा नवरा, केरबा. ती जोडी गेली की शेत पडीक. मी नांदेडहून निघालो, पूर्णेला गाडी बदलून हिंगोलीला उतरलो आणि औंढ्याला जाणाऱ्या त्याच मोटारीत बसलो.

लढाईनं पेट्रोल गिळल्यापासून ही मोटार गॅसवर चालते. मागे पिंपाएवढी भट्टी, तिच्यात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कोळसा धुमसतो आणि त्याच्या गॅसवर इंजिन फिरतं, निदान मोटारीच्या मालकांचं म्हणणं तसं आहे. केरबाशी सौदा पक्का करायला तेही औंढ्याला निघाले होते.

"पऱ्हाटी म्हंजे शेतातला कचरा. फुकट," ते म्हणाले.

तिकिटाचे आठ आणे मात्र रोख घेतले. मग पऱ्हाटी उपटणारे, वाहणारे, तिचा कोळसा पाडणारे काय पुण्य म्हणून राबतात? विचारलं, तर मालक तिकिटाचे पैसे मोजायला लागले.

भट्टीला वारा घालण्यात क्लीनरची सकाळ गेली. जाणाऱ्यांनी स्टँडवरची भजी खाऊन घ्यावी आणि पांढरं धोतर घरी ठेवावं.

शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "आमच्याकडं हे मोटारवाले फुकट मागाय आलते. म्हनलं, पऱ्हाटी तुमाला देऊन चुलीत काय पाय घालू? मंग पैसे देऊन राहिले. आता आमी भाव वाढवनार."

औंढ्याच्या अलीकडच्या चढावर मोटारीनं दम सोडला. आम्ही सगळ्यांनी ढकलली, तिकीट काढून. ती जागची हलली नाही. बाजूलाच केरबाचं शेत. तो वखर सोडून बैल घेऊन आला, मोटारीला दोर बांधला आणि जोडीनं ती वर काढली.

"मालक, रोज असंच व्हतं का?" केरबानं विचारलं.

"चढावर थोडी तकलीफ व्हनारच."

"व्हय. पन मी बैल विकल्यावर वढंल कोन?"

मालक काजळीनं भरलेली टोपी झटकत राहिले. भागीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. रात्री बहिणीनं भाकरी-ठेचा वाढला आणि बैलांना सरकी जरा जास्तच घातली. मला फार बरं वाटलं.

परतताना मी बैलगाडीनं हिंगोली गाठली. धोतराची काजळी अजून गेलेली नाही. परवा बहिणीचा निरोप आला. शेतात काम नसलं की केरबा जोडी घेऊन त्या चढाखाली उभा राहतो आणि मोटार वर काढायचे पैसे घेतो. त्या फुकटच्या गॅसवर नफा झालेला माझ्या माहितीत तेवढा एकच माणूस आहे.